नगरची पहाट आणि न पकडणारे इंजिन

अहिल्यानगर, म्हणजे लोकांच्या तोंडचे नगर, हा पर्जन्यछायेतला जिल्हा. पौषात इथला पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो. अशा पहाटे गाडी सुरू व्हायला वेळ लागला की दोष थंडीच्या माथी जातो. ही समजूत रुजायला इथे सबळ कारण होते. लोणीला प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० साली सुरू झाले आणि पुढे जिल्हाभर कारखाने उभे राहिले. ऊसतोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास लागतो आणि वर्षातले सर्वांत थंड महिने त्याच्या पोटातच येतात. ट्रक-ट्रॅक्टर पहाटे चालू होणे जेव्हा सर्वाधिक निकडीचे, नेमकी तेव्हाच थंडी. अडचण आणि गारठा असे जोडीने दिसत राहिल्यावर एकाला दुसऱ्याचे कारण मानले गेले, यात नवल नाही.

पण त्या काळचे उपायच वेगळी साक्ष देतात. रात्री ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवत, म्हणजे सकाळी सेल्फची गरजच उरत नसे. ही तजवीज थकलेल्या बॅटरीसाठी होती. डिझेलच्या लाइनला कुठे बारीक गळती असेल तर रात्रभरात डिझेल टाकीकडे परतते आणि हवा आत शिरते. मग हॅंडपंप मारून ती काढावी लागते. हे वैशाखातही घडते. फियाट-अँबॅसडरचा चोकही उन्हाळ्यातल्या पहाटे ओढावा लागे, कारण रात्रभर उभ्या इंजिनाच्या धातूवर पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही. या सगळ्यात गारठ्याहून उभे राहण्याचा वाटा मोठा आहे. रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतणे किंवा चेंबरखाली जाळ करणे हे उपाय मात्र खरोखर गारठ्यावरचे होते: ऑइल पातळ होऊन सेल्फवरचा भार हलका होई. त्यातला जाळाचा उपाय जिवावर बेतणारा होता आणि तो मागे पडला हे बरेच झाले.

खरी थंडी काय असते, याचे उत्तर नगरच्याच ओळखीचे आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून याच शहरात आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, बर्फात, झोजिला खिंड चढून गेले. सैन्याच्या दिमतीला माणसे असतात, अधूनमधून इंजिन चालवून ते उबदार ठेवता येते, असा आक्षेप कुणी घेईल. तो रास्त आहे. पण त्यातून एवढेच ठरते की झोजिलाच्या थंडीला देखभालीची गरज होती; नगरची थंडी त्या पंगतीत बसत नाही. लेड-ॲसिड बॅटरी १० अंशांना आपल्या क्षमतेचा साधारण दहा-पंधरा टक्के भाग गमावते. धडधाकट बॅटरी तेवढे सहज सोसते. जी सोसत नाही, ती आश्विनातही अर्धी संपलेलीच होती.

डिझेलबाबत एक सवलत द्यायलाच हवी. महिंद्राच्या प्युजो इंजिनाच्या जीपमध्ये हीटर प्लग होते, कारण त्या इंजिनाच्या रचनेत दाबलेल्या हवेची उष्णता थंड भिंती शोषून घेतात आणि डिझेल पेट घेत नाही. तिथे १० अंशही जाणवतात. तरी चारही प्लग शाबूत असले तर काही सेकंदांत काम होते. उशीर होतो तो एखाददुसरा जळलेला असला की.

म्हणून तपासाचा पहिला प्रश्न असा असावा: ही गाडी मे महिन्यातही पहाटे अशीच रेंगाळते का? रेंगाळत असेल तर थंडीला सोडून द्यावे. मग कान द्यावा. सेल्फ रडत, संथ फिरत असेल तर बॅटरी, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड, बॉडीची अर्थिंग आणि मग सेल्फ स्वतः, असा क्रम. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडत नसेल तर इंधन आणि ठिणगी, किंवा डिझेल असल्यास हीटर प्लग. आता स्कॅनर आला, हे कान देणे कशाला, असे विचारले जाते. स्कॅनर नोंदलेला कोड दाखवतो, पण सैल अर्थिंगचा बहुधा कोड नसतो. पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर इंजिन गरमच आहे असे सांगत असेल आणि आकडा संभवनीय असेल, तर कोडही उमटत नाही. संगणक मात्र थंड इंजिनाला हवे तेवढे इंधन देत नाही. तेव्हा रात्रभर उभ्या गाडीत स्कॅनरवर दिसणारे पाण्याचे तापमान त्या पहाटेच्या हवेच्या तापमानाशी ताडून पाहावे लागते.