येसकराची भाकर आणि ओल्या कचऱ्याची बादली

‘कचरा नव्हे, संपत्ती’ अशा आशयाचे फलक हल्ली जवळपास प्रत्येक महापालिका लावते. असा फलक दिसला की आंबेडकरी माणसाला एक जुना हिशेब आठवायला हवा. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी तो सांगितला होता. आपल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढू नयेत, असं त्यांनी सांगितलं तेव्हा ‘केसरी’त कुणीतरी गणित मांडलं होतं. गावात वर्षाला पन्नास ढोरं मरतात. कातडं, शिंगं, हाडं, मांस यांचे पाचशे रुपये होतात. आंबेडकर आपल्याच लोकांचं हे उत्पन्न बुडवतात. बाबासाहेबांचं उत्तर साधं होतं. एवढा फायदा दिसतो तर तुम्हीच ढोरं ओढा, ते उत्पन्न घ्या, वरून पाचशे रुपये मी देतो. आव्हान स्वीकारायला कुणी पुढं आलं नाही.

घाणीतली संपत्ती दुसऱ्याला दाखवणारा माणूस स्वतः त्या घाणीत हात घालत नाही, हे त्या हिशेबाचं मर्म. आजचा फलक त्याहून वेगळा आहे का, हा माझा प्रश्न आहे. ओल्या कचऱ्याचं खत व्हावं, कागद-काच-पत्रा पुन्हा वापरात यावा, याला कुणाचाच विरोध नाही. वाद आहे तो दाराशी. कचरा आतून कोण देतं, बाहेर उभं राहून कोण घेतं, आणि काय मोबदल्यात घेतं?

दारातून उरलंसुरलं बाहेर येण्याचा आपल्याकडचा इतिहास मोठा आहे आणि तो अन्नापासून सुरू होतो. गावगाड्यात महाराची येसकरपाळी असायची. दिवसभर पाटलाचा निरोप पोचवायचा, सरकारी टपाल पुढच्या गावाला न्यायचं, मढ्याची वर्दी द्यायची, मेलेलं ढोर ओढायचं. संध्याकाळी काठी-घोंगडी घेऊन दारोदार ‘जोहार मायबाप’ करत फिरायचं. मग घराघरांतून वरून टाकलेली भाकर, शिळे तुकडे, खरकटं टोपल्यात पडायचं. याला कुणी भीक म्हणत नव्हतं, महाराचा ‘हक्क’ म्हणत. बावन्न हक्कांचं कौतुक तर आपल्याच जुन्या माणसांनाही होतं! नासलेलं अन्न फेकण्याऐवजी मजुरी म्हणून चुकतं करायची ही व्यवस्था होती. अन्नाची नासाडी गावात होत नसे असं हळहळून लिहिणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं, की ती होत नसे कारण ती आमच्या पोटात जात असे.

शहरात तर या ‘हक्का’ला कायद्याची चौकट मिळाली. संयुक्त प्रांताच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यातलं कलम २०१ बाबासाहेबांनी आपल्या लेखनात मुद्दाम दिलं आहे. एखाद्या घराची सफाई करण्याचा वहिवाटीचा हक्क ज्या भंग्याकडे आहे, त्यानं ती नीट केली नाही तर घरमालकानं मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची आणि त्याला दहा रुपयांपर्यंत दंड व्हायचा. हक्क त्याचा आणि दंडही त्यालाच. हक्क म्हणायचा आणि सोडायची मुभा द्यायची नाही, त्याला आपल्या भाषेत वेठ म्हणतात.

म्हणून १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेब पाण्याबद्दल जेवढं बोलले तेवढंच टोपल्याबद्दलही बोलले. मेलेल्याचं मांस सोडा, उष्टे तुकडे सोडा, गावकीची कामं सोडा, जमिनी मिळवा, शेती करा. चवदार तळं आपण दरवर्षी आठवतो. उष्ट्या तुकड्यांचा भाग मात्र ‘ते आता संपलं’ म्हणून बाजूला ठेवतो. ते संपलं आहे का, ते पुढं बघू.

महाडनंतर बरोबर वर्षानं, १९ मार्च १९२८ रोजी, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. आजच्या कचऱ्याच्या वादाला त्याचाच सर्वांत मोठा आधार आहे, म्हणून इथं जरा थांबतो. त्यात दोन वाटा होत्या. ज्याला गावकीतून सुटायचं आहे त्यानं वतनाच्या जमिनीचा पूर्ण सारा भरावा, जमीन त्याची राहावी आणि चाकरीतून तो मोकळा व्हावा. जो चाकरीत राहील त्याचं बलुतं, म्हणजे दारोदार फिरून गोळा करायचं धान्य आणि भाकर, बंद व्हावं. त्याऐवजी गावाकडून साऱ्याबरोबर रोख कर वसूल करून सरकारनं त्याला पैसे द्यावेत आणि कामं कोणती हे ठरवून द्यावं. सुटण्याचा रस्ता आणि राहणाऱ्याला रोख पगार, दोन्ही एकाच वेळी. विरोध एवढा झाला की १९२९ मध्ये विधेयक मागं घ्यावं लागलं. वतनं खालसा व्हायला १९५८ चा कायदा उजाडला.

तोवर आपली माणसं शहरात आली होती. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये मुंबईचा कावाखाना आहे. तिथल्या बायका रस्त्यावरून चिंध्या, कागद, काचा, लोखंडाचे तुकडे वेचून आणतात, निवडतात आणि विकतात. पुस्तकाचं नावच सांगतं की गाव सुटलं तरी बलुतं सुटलं नाही. पुढं १९७२ च्या दुष्काळानं मराठवाडा आणि सोलापूरकडची कुटुंबं पुण्यात आणून टाकली. पुरुषाला मिळेल ती हमाली, बाईच्या खांद्यावर गोणी, हातात आकडा. जमीन नाही, शाळा नाही. कचराकुंडीला मात्र दाखला लागत नव्हता.

कुंडीतलं काम आतून कसं असतं ते माहीत असायला हवं. घरातून सगळं एकत्र येतं: आमटीत भिजलेला कागद, भाताला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी, फुटलेली बाटली, सुई, बाळाचं डायपर. भिजलेल्या कागदाचा भाव पडतो, काचेनं बोट कापलं तर दिवसाची कमाई दवाखान्यात जाते, आणि खरकट्यावर कुत्री असतात. घरात दोन डबे ठेवले असते तर यातलं बरंचसं टळलं असतं. ते डबे न ठेवण्याची चैन ज्याला परवडते त्याची किंमत दुसरं कुणीतरी बोटांनी चुकतं करतं.

१९९० नंतर पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या या बायांमध्ये काम करू लागल्या. त्यांनी काही बायांना घरातूनच निवडलेलं भंगार मिळवून दिलं. तेवढ्यात त्याच भागात एका उद्योजकानं गाडी लावून दारोदार कचरा उचलायला सुरुवात केली. बाया अडून बसल्या. कचऱ्यावर कुणाचा हक्क, हा प्रश्न तिथं उघड उभा राहिला. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. बहुसंख्य सभासद स्त्रिया आणि जवळपास सगळ्या दलित: मातंग, महार, नवबौद्ध. महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली. चोर म्हणून पोलिसानं उचलायचं कमी झालं. २००१ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या अभ्यासानं दाखवलं की एकेक कचरावेचक महिन्याला सुमारे २४६ रुपयांचं काम महापालिकेला फुकट करून देते. मग पालिकेला तिच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरावा लागला. हे दानानं नव्हे, हिशेबानं मिळालं.

त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. बाई आता कुंडीत उतरत नाही, दारात येते. ओला वेगळा, सुका वेगळा घेते, घराकडून महिन्याचं शुल्क घेते, सुक्यातलं भंगार तिचं स्वतःचं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पुढं सगळ्या देशात कचरा घरातच वेगळा करणं आणि कचरावेचकांना सामावून घेणं बंधनकारक केलं.

आता आपल्यातला वाद. आपले काही तरुण म्हणतात, ही तर नवी गावकी झाली. बाबासाहेबांनी टोपलं टाकायला सांगितलं आणि तुम्ही त्याला चाकं लावून ढकलगाडी केली. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. परंतु तो घेणारे बरेचदा नोकरीतल्या घरातले असतात, आणि त्यांच्या सोसायटीतला कचराही तीच बाई नेते. आणखी एक बोचरी गोष्ट: गाडीमागं मातंग बाई दिसली की आपल्या कित्येक बौद्ध वस्त्यांना तो ‘त्यांचा’ प्रश्न वाटतो. ही उतरंड आपण कुणाकडून शिकलो?

दुसरी बाजू म्हणते, बाईच्या हाताला काम आहे, मान आहे, आणखी काय हवं? हे ‘केसरी’चं गणित झालं. बाईला मान आला हे खरं. तिच्या मुलीनंही तीच गाडी ढकलावी ही व्यवस्था मात्र मानाची नव्हे.

१९२८ चं विधेयक समोर ठेवलं तर या दोन्ही बाजूंचं अर्धं-अर्धं बरोबर ठरतं. पुण्याच्या बायांनी विधेयकातली दुसरी वाट बरीचशी मिळवली: रोख पैसा, ठरलेलं काम, सहकारी मालकी. पहिली वाट, सुटण्याची, कुठल्याच करारात ठळक नाही. मुलांची शिष्यवृत्ती, वसतिगृह, म्हातारपणाचं पेन्शन, दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल हे करारातलं कलम व्हायला हवं, कार्यक्रमातलं बक्षीस नव्हे.

दुसऱ्या वाटेतही एक खोच राहिली आहे. शुल्क बाई स्वतः दारात मागते. महिना संपला की ‘पुढच्या आठवड्यात या’, ‘सुट्टे नाहीत’, आणि दिवाळीला साडी दिली की झालं! बाबासाहेबांना बलुत्याचा दारोदार फेरा नको होता, साऱ्याबरोबर वसूल झालेला पैसा हवा होता. मालमत्ता करातून हे शुल्क घेऊन थेट सहकारी संस्थेला द्यावं, असं माझं मत आहे. यावर चळवळीतल्या जाणत्या बायांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे: पैसा पालिकेच्या तिजोरीतून यायला लागला की बिल महिनोन्‌महिने अडतं आणि मागून ठेकेदार शिरतो. २०२० च्या अखेरीस करार संपला तेव्हा खासगी ठेकेदारांची चर्चा लगेच सुरू झालीच. टाळेबंदीत दारोदार फिरलेल्या याच बायांना मग रस्त्यावर उतरावं लागलं. त्यामुळं पैसा करातून, पण मुदतीच्या आत आणि ठेकेदाराला बंदी, अशा तिन्ही अटी एकत्रच मागाव्या लागतील.

आणि दाराच्या आतल्याचं काय? २०१६ चा नियम त्यालाच उद्देशून होता. आपल्या ताटातलं खरकटं आपल्या हातानं वेगळं करायचं, एवढंच त्यात मागितलं होतं. तरीही सगळ्यात जास्त कुरकुर यालाच होते. ‘तिला पैसे देतो ना, ती करेल वेगळं.’ घाण करणं माझं काम आणि घाण निवडणं तिचं, ही वाटणी कुठल्या ग्रंथातून आली ते तुम्हाला सांगायला नको. शहरी घराच्या बादलीत निम्म्याहून जास्त ऐवज ओला असतो. तो सोसायटीतच खड्ड्यात जिरवला तर मालमत्ता करात सूट आहे. सूट सदनिकेच्या मालकाला, आणि खड्डा हलवायला बहुतेक ठिकाणी पुन्हा तीच बाई.

महाडच्या टोपल्याचंही सांगायचं राहिलं. ओल्या कचऱ्याची बादली ओतून घेताना बाईला आजही विचारलं जातं, ‘रात्रीची भाजी उरलीय, नेता का?’ विचारणारी मनानं वाईट नसते. येसकराला भाकर वाढणाऱ्या घरातल्याही सगळ्याच बायका दुष्ट नव्हत्या. बऱ्याच बाया आता ती भाजी निमूट ओल्या डब्यात ओततात आणि शुल्काचं पावतीपुस्तक पुढं करतात.