नागपाड्यातील अमेरिकन शेजारी आणि आमचा चाकरमानी

आम्हां रत्नागिरीकरांचा मुंबईशी असलेला संबंध सांगावयाचा म्हणजे गिरणी, मनीऑर्डर आणि गणपतीची बोट एवढ्यावर तो बहुधा आटोपतो. हा इतिहास खरा आहे, परंतु अपुरा आहे. ज्या वर्षांत आमची माणसे परळ-लालबागच्या चाळींतून एका खोलीत दहा-बारा जण राहत होती, त्याच वर्षांत तेथून फार दूर नसलेल्या नागपाड्यात एक अमेरिकन गृहस्थ मुंबईच्या गरिबांचा शेजारी होण्याचा रीतसर प्रयत्न करीत होता. आमच्या गिरणगावात तो राहिला नाही. तरीही त्याने सुरू केलेल्या एका संस्थेमुळे गिरणीच्या फाटकाशी एक नवा मनुष्य येऊन उभा राहिला, आणि त्या मनुष्याशी आमच्या दोन-तीन पिढ्यांची गाठ पडली. तो मनुष्य म्हणजे पगारी समाजसेवक. परक्याला शेजारी होता येते काय, आणि शेजारधर्माचा पगार घेतला तर तो शेजारधर्म उरतो काय, हे दोन प्रश्न या इतिहासातून निघतात. त्यांचा विचार येथे करावा असे योजिले आहे.

या गृहस्थाचे नाव डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट. शिकागो विद्यापीठाचा हा डॉक्टर १९२५ च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनचा कार्यकर्ता म्हणून मुंबईस आला आणि १९२६ साली त्याने ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ ही संस्था उभी केली. तिची कल्पना मात्र मूळची अमेरिकेची नव्हे. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपेलच्या दरिद्री वस्तीत, सॅम्युएल बार्नेट या धर्मोपदेशकाने व त्याची पत्नी हेन्रिएटा हिने ‘टॉयन्बी हॉल’ स्थापिला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी गरिबांना दूरून दान न देता त्यांच्या वस्तीत येऊन राहावे, हे त्यामागचे सूत्र होते. जेन ॲडम्स ही अमेरिकन स्त्री इंग्लंडच्या प्रवासात ते घर पाहून गेली आणि १८८९ साली तिने एलन गेट्स स्टार या मैत्रिणीसह शिकागोत ‘हल हाऊस’ उघडले. लंडनची कल्पना अशी शिकागोस गेली आणि शिकागोहून मुंबईस आली. येथे तिला पुन्हा इंग्रजांचेच राज्य भेटले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

इंग्रजी राज्यात अमेरिकन मनुष्याची जागा नेमकी कोणती, हा प्रश्न त्या काळी जुनाच होता. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे पहिले अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, तेव्हा इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध चालू होते आणि कंपनी सरकारने त्यांना परत धाडण्याचा घाट घातला होता. ते कसेबसे टिकले आणि त्यांतूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. पुढे पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश नसलेल्या मिशनांकडून सरकारने राजनिष्ठेची हमी घेण्यास सुरुवात केली. त्या हमीचा अर्थ १९३० साली स्पष्ट झाला. मदुरेच्या अमेरिकन मिशनचे राल्फ काइथान यांनी खादी वापरली आणि गांधीजींच्या एका इंग्रज सहकाऱ्यास घरी ठेवून घेतले, एवढ्यावरून त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला. मदुरेचे मिशन आणि मराठी मिशन या दोहोंची मातृसंस्था बोस्टनची एकच होती.

तेव्हा मुंबईतील अमेरिकन समाजसेवकाचा दिवस कसा जात असेल, याची कल्पना या चौकटीत करावी लागते. गोरेपणामुळे साहेबाच्या दारात त्याला प्रवेश असे, पण तो साहेब नव्हे. नळाला पाणी का येत नाही, खोलीत खिडकी का नाही, मूल का मेले, हे विचारण्याची त्याला मुभा होती. हे सारे ज्या राज्यात घडते ते राज्य कोणाचे, हे मात्र त्याने विचारावयाचे नव्हते. मॅन्शार्ट यांनी या मर्यादेत राहून ‘बॉम्बे टुडे अँड टुमॉरो’ आणि ‘बॉम्बे लुक्स अहेड’ असे लेखसंग्रह संपादित करून शहराचे प्रश्न चर्चेत आणले. मर्यादा पाळणारा मनुष्य भित्रा असतोच असे नाही, पण मर्यादेची किंमत त्याच्या कामाला द्यावी लागते, हेही नजरेआड करून चालत नाही.

नागपाडा ही वस्ती त्या काळी अठरापगड होती. मुसलमान बहुसंख्य, त्यांच्या जोडीला बगदादी ज्यू, ख्रिस्ती, पारशी आणि हिंदू, शेजारी कामाठीपुरा. ‘नेबरहूड हाऊस’मध्ये वाचनालय होते, वर्ग चालत, व्याख्याने होत, आया-मुलांसाठी आरोग्याची कामे होत आणि मुलांना खेळावयास जागा होती. नागपाड्याने पुढे बास्केटबॉलमध्ये नाव काढले, त्याची मुळे या वस्तीतील अशाच मैदानांत आहेत. १९२९ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. अशा शहरात निरनिराळ्या धर्मांची पोरे एका चेंडूमागे धावताना पाहणे ही लहान गोष्ट नव्हती. मिशनच्या पैशाने चाललेल्या घरात धर्मांतराचा हेतू मागे ठेवून केवळ शेजारपणाला पुढे करणे, हेही त्या काळच्या मानाने धाडसाचेच होते.

आता आमच्या माणसांकडे वळू. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि त्यांतील जेमतेम १६ टक्के लोक मुंबईत जन्मलेले होते. बाहेरून आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा क्रमांक फार वरचा. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून. शहराच्या सुमारे पाचव्या हिश्श्याची जन्मभूमी आमचा जिल्हा होती. गिरण्यांत मराठे, कुणबी, महार. बोटींवर कोकणी मुसलमान खलाशी. घरगड्यापासून पोलीस शिपायापर्यंत सर्वत्र आमची माणसे. त्याच १९२१ सालचा एक आकडा वाचून अंगावर काटा येतो. मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे एक वर्ष पुरे होण्याआधी दगावलेल्या मुलांची संख्या ६६६ होती. या आकड्यात एक मेख आहे आणि ती कोकणी घरांतील मनुष्याला चटकन कळेल. बाळंतपणासाठी बायका गावी जात. मूल जन्माला येई गावात, त्याची नोंद होई गावात, आणि आईबरोबर ते मुंबईच्या खोलीत परत येऊन मेले तर मृत्यूची नोंद होई मुंबईत. तेव्हा आकडा काहीसा फुगलेला आहे. परंतु मेख काढून टाकली तरी मेलेली मुले जिवंत होत नाहीत. उलट एवढेच दिसते की चाकरमान्याचे घर दोन ठिकाणी विभागलेले होते आणि शहराच्या कोणत्याही वहीत ते पुरते मावत नव्हते.

अशा मनुष्याचा शेजार कोणता? शिकागोच्या कल्पनेप्रमाणे शेजार म्हणजे एक मोहल्ला, चार रस्त्यांनी बांधलेला. आमच्या चाकरमान्याचा शेजार निराळा होता. एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली खोली, गावातल्याच एखाद्या बाईची खानावळ, गावचे ग्रामस्थ मंडळ आणि गिरणीत कामाला लावणारा मुकादम, हाही शक्यतो गावचाच. ही व्यवस्था त्याला भाकर देई, आजारपणात सांभाळी, मयताला खांदा देई. १९२८ चा सहा महिन्यांचा संप गिरणी कामगारांनी सोसला, त्यात गावाकडचा आधार आणि खोलीतला उधारीचा व्यवहार यांचा वाटा मोठा होता. तथापि ही व्यवस्था सुखाची होती असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. मुकादमाला दस्तुरी द्यावी लागे, तो व्याजाने पैसे देई, आणि गावची उतरंड गावच्या खोलीबरोबर मुंबईस येई. महार कामगारांना विणकाम खात्यात शिरू दिले जात नसे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ज्या शेजारात काहींना पाणीही वरून ओतून मिळते, त्या शेजाराचे गोडवे किती गावे?

म्हणून समाजसेवेची कल्पना अमेरिकेतूनच आली आणि आम्ही तोवर निजलेले होतो, असे म्हणणेही चूक ठरेल. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डला गेले आणि परतल्यावर १९०६ साली त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने हे सारे लीगने गिरणगावात मॅन्शार्ट यांच्या आधी चालविले. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस हेच जोशी हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. कोकणचा मनुष्य कामगारांसाठी अमेरिकेस जाऊन आला आणि मग अमेरिकेचा मनुष्य मुंबईस आला, असा हा क्रम आहे.

मॅन्शार्ट यांचे वेगळेपण दुसऱ्या ठिकाणी आहे. दहा वर्षे नागपाड्यात काढल्यावर त्यांचे मत असे झाले की नुसत्या सदिच्छेने हे काम होत नाही, त्याला शिक्षण लागते. सर दोराबजी टाटा यांच्या ट्रस्टने ही कल्पना उचलून धरली आणि १९३६ साली नागपाड्याच्या त्याच घरात ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. हिंदुस्थानातील या प्रकारची ही पहिली शाळा. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. १९४१ साली ते गेले आणि सूत्रे डॉ. जे. एम. कुमारप्पा यांच्याकडे आली. १९४४ साली संस्थेचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झाले, १९५४ साली ती देवनारला गेली आणि १९६४ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

मराठी मनाला ही गोष्ट पचनी पडावयास वेळ लागला. आमच्याकडे सेवा म्हटली की त्याग आलाच. धोंडो केशव कर्वे हे आमच्याच जिल्ह्यातले. हिंगण्याच्या आश्रमासाठी पायपीट करणारे त्यांचे चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. समाजसेवेची पदविका, समाजसेवेची नोकरी, समाजसेवेची पगारवाढ, हे शब्दच विचित्र वाटत. परंतु त्यागाची अट घातली की गरिबाचा मुलगा या कामातून आपोआप बाद होतो, कारण त्याला त्याग परवडत नाही. पगारामुळे हे काम सधन घरांच्या बाहेर आले, हा मोठा लाभ मानला पाहिजे.

तोट्याची बाजू गिरणीच्या फाटकाशी दिसली. शाळेतून शिकून निघालेल्यांपैकी अनेकजण कारखान्यांत कामगार कल्याण अधिकारी झाले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात असा अधिकारी नेमणे सक्तीचे केले. पूर्वी रजा, भांडण, बदली यांसाठी कामगार गावच्या मुकादमाकडे जाई. आता तो ‘लेबर ऑफिसर’च्या टेबलापुढे उभा राहू लागला. हा अधिकारी दस्तुरी मागत नसे, जात विचारीत नसे आणि नियम वाचून दाखवीत असे. मुकादमशाहीने पिळलेल्या मनुष्याला ही सुटका होती. पण त्याची नेमणूक मालक करी आणि पगारही मालकच देई. कामगाराचा शेजारी म्हणून शिकलेला मनुष्य टेबलाच्या पलीकडल्या बाजूस बसला. मॅन्शार्ट यांच्यावर सरकारी हमीचा जो लगाम होता, त्याच जातीचा लगाम त्यांच्या विद्यापरंपरेवर पगाराच्या रूपाने आला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच बुडाल्या. तेव्हा कल्याण अधिकाऱ्याची खुर्चीही गिरणीबरोबर गेली. कामगार जेथून आला होता त्या गावी परतला, किंवा मुंबईतच वॉचमन झाला.

मग त्या दोन प्रश्नांचे काय? परका शेजारी होऊ शकतो, असे आमचे मत आहे, आणि नागपाड्याचे घर त्याला पुरावा आहे. गावच्या खोलीत जो शिरू शकत नव्हता त्यालाही परक्याच्या घरात जागा मिळाली. हे परकेपणाचे सामर्थ्य होय. पगारानेही शेजारधर्म बुडत नाही. तो बुडतो पगार देणाऱ्याला प्रश्न विचारण्याची सोय नसली म्हणजे. आज रत्नागिरीतून मुले-मुली समाजकार्याची पदवी घेऊन संस्थांत, इस्पितळांत, कंपन्यांच्या सामाजिक निधीवर काम करतात. त्यांच्यापैकी कोणी ग्रामस्थ मंडळाच्या सभेला गेलाच, तर गावकीचा अभिमान बाळगणारी मंडळी त्याला परका समजतात आणि त्याचा वरिष्ठ त्याला अहवाल मागतो. या दोहोंच्या मध्ये उभे राहण्याची कला मॅन्शार्ट यांना काही अंशी साधली होती. ती कोणत्याही अभ्यासक्रमात पुरती शिकविता येत नाही, पण तिची गरज मात्र चाळी पडून मनोरे उभे राहिल्यावरही तेवढीच आहे. मनोऱ्यात धुणे-भांडी करावयास येणारी बाई अजूनही कोणत्या तरी गावाहून आलेली असते, आणि तिचे मूल कोणाच्या वहीत नोंदले गेले आहे, हे आजही कोणीतरी शेजाऱ्याने विचारावे लागते.