मोदकातून निघालेलं भूत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भुताची गोष्ट सांगणारा माणूस आपल्याकडे नुसता घाबरवत नाही. अमावास्या झाली, ओढा झाला, पिंपळ झाला की मध्येच कोणाचं तरी धोतर काटेरी झुडपात अडकतं आणि 'सोड रे बाबा, परत नाही येणार' असं तो झुडपाला विनवू लागतो. ऐकणारे खो खो हसतात. हसून तोंड मिटतं न मिटतं तोच सांगणारा आवाज खाली आणतो, आणि सगळ्यांच्या अंगावर काटा येतो. हसू आणि भीती यांची ही सरमिसळ आली कुठून? सिनेमावाले 'हॉरर कॉमेडी' म्हणून तिची जाहिरात करतात, तेव्हा हे परदेशातून आलेलं नवं प्रकरण असावं असं वाटतं. पण तसं नाही. हे आपल्या गोदाकाठचं फार जुनं पीक आहे.

त्यासाठी नाशिकहून नदीबरोबर खाली पैठणला जावं लागेल. आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यात ज्या सातवाहनांचे शिलालेख आहेत, त्या घराण्यातल्या एका राजाची ही दंतकथा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' या ग्रंथात ती सांगितली. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाणी उडवून घेऊन दमलेली एक राणी संस्कृतात म्हणाली, 'पाण्याने नको.' संस्कृतात 'मा' म्हणजे नको आणि 'उदकैः' म्हणजे पाण्याने. दोन्हींचा संधी झाला 'मोदकैः'. राजाचं व्याकरण कच्चं. त्याने ताबडतोब मोदक मागवले! राणी हसली, आणि राजाने मनाला इतकं लावून घेतलं की त्याने अंथरूण धरलं.

इथपर्यंत गोष्ट विनोदी आहे. पुढे पाहा. राजाला संस्कृत शिकवायला किती काळ लागेल यावरून दरबारात पैज लागली. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं, शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. 'असं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन,' असं गुणाढ्य बोलून गेला आणि हरला. मुका होऊन तो विंध्याच्या अरण्यात गेला. तिथे उरलेली चौथी भाषा म्हणजे पैशाची, पिशाच्चांची. ती शिकून त्याने सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती भाषा आणि ते रक्त पाहून ग्रंथ परत पाठवला. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकू लागला. जनावरं चारापाणी सोडून रडत ऐकत राहिली. सहा लाख श्लोक जळाले. उरलेला एक लाख वाचला तो कशामुळे? राजाच्या ताटातलं मांस बेचव झालं म्हणून! आचाऱ्याने पारध्यावर ढकललं, पारध्याने रोडावलेल्या जनावरांवर, आणि चौकशी करत राजा अरण्यात पोचला.

एका फसलेल्या विनोदातून रक्ताने लिहिलेला ग्रंथ निघतो आणि एका बेचव जेवणामुळे तो वाचतो. मूळ 'बृहत्कथा' काळाच्या ओघात नाहीशी झाली, पण आपल्या कथावाङ्मयाने स्वतःच्या जन्माची जी कहाणी सांगितली, तिच्यातच हसू आणि भय एका दोऱ्यात ओवलेले आहेत.

याच 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस गोष्टीही आहेत. स्मशानातून राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो आणि प्रेतातला वेताळ त्याला गोष्टी सांगून कोडी घालतो. उत्तर माहीत असून बोलला नाही तर डोकं फुटणार, बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. चौकट अशी भयंकर, पण आतल्या गोष्टी पाहा. एका गोष्टीत तीन भाऊ आहेत, तिघेही कमालीचे चोखंदळ. एकाला भातातून स्मशानाच्या धुराचा वास येतो. चौकशीत कळतं की ते भात स्मशानाजवळच्या शेतातलं होतं. आणखी एकाच्या अंगावर सात गाद्यांखालच्या केसाचा वळ उठतो. यांच्यात सर्वांत चोखंदळ कोण, असा वेताळाचा प्रश्न. हे विचारतं कोण, तर एक मुडदा, आणि तेही स्मशानात! भाताला धुराचा वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्यावर आपण हसतो, आणि हसतानाच लक्षात येतं की आपण सगळेच त्या शेताच्या बांधावर उभे आहोत.

पैठणनेच पुढे आपल्याला एकनाथ दिले. सोळाव्या शतकातल्या या संताने भारुडात भूत आणलं. भूत लागलेली बाई कुरकुरते, उपाय सुरू होतात, देवऋषीपणाची सगळी फजिती होते. लोक हसतात. शेवटी कळतं की झपाटणारं भूत पंढरपूरला भीमेच्या काठी उभं आहे, तो विठ्ठल आहे. नाथांनी भुताची भीती काढली ती 'भूत नसतं' असं बजावून नव्हे. त्यांनी त्या भीतीची थट्टा केली आणि तिच्या जागी भक्ती ठेवली.

लोकांच्या श्रद्धेतही हे मिश्रण आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा हा भुतांचा अधिपती, पण तिथे नवस फेडताना त्याला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. भुतांचा राजा, पण त्याच्याही चपला झिजतात! याच आरवलीत जयवंत दळवी वाढले. 'ठणठणपाळ' नावाने लेखकांच्या टोप्या उडवणारे दळवी आणि 'चक्र'मध्ये झोपडपट्टीतलं भीषण जगणं मांडणारे दळवी ही दोन वेगळी माणसं वाटतात. आरवलीकडून पाहिलं तर तसं वाटत नाही.

मग हे दोन रस वेगळे झाले कधी? एक कारण म्हणजे याद्या. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना आपण २१ डिसेंबर १९०९ या तारखेमुळे ओळखतो. त्या रात्री विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. संस्कृत जाणणाऱ्या या अधिकाऱ्याने शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती जमवली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन यांनी पुस्तकरूपाने काढली. कोकणावरचा खंड १९१५ सालचा. त्यात भुतांची जंत्री आहे: वेताळ, समंध, देवचार, मुंजा, झोटिंग, हडळ. काम मोलाचं, पण जंत्रीत भूत आलं की सांगणाऱ्याचा आवाज गळतो, आणि आवाजाबरोबर विनोदही जातो.

तरी ही जंत्री नीट वाचावी. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा तो मुंजा. मेल्यावरही बाईचं कुंकू आणि माणसाची जात सुटत नाही! आमचीही सोय आहे. खवीस हा शब्द अरबी 'खबीस'वरून आलेला, आणि अनेक गावांत खवीस म्हणजे मुसलमानाचं भूत. आमच्या घरी दादी जिन्नाच्या गोष्टी सांगायची. मध्यरात्री हलवायाच्या दुकानी येऊन सगळी मिठाई रोख पैशांनी नेणारा तो जिन्न मला बराच सभ्य वाटे. बाहेर मित्रांच्या तोंडी खवीस यायचा. मी म्हणायचो, 'चला, गावच्या पिंपळावर आमच्याही माणसाला एक फांदी आहे.' मित्र हसायचे, मीही हसायचो. पण त्या हसण्याखाली काय आहे हे मोठेपणी कळलं. भुतांची जंत्री ही अकाली मेलेल्यांची जंत्री आहे. बाळंतपणात गेलेल्या बाया, विहिरीत बुडालेली पोरं, ज्यांच्या मरणाचा कोणाला जाब विचारता आला नाही अशी माणसं. त्यांना गावाने भूत केलं, कारण विसरता येत नव्हतं.

दुसरं कारण मासिकांचं. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी कथेला दरवर्षीचं मोठं घर मिळालं. घर वाढलं तशा खोल्या पडल्या. अनंत अंतरकर यांनी १९४६ साली 'हंस' सुरू केलं. पुढे विनोदासाठी त्यांची 'मोहिनी', आणि गूढ-अद्भुतासाठी 'नवल'. संपादक एकच, पण हसायचं एका अंकात आणि दचकायचं दुसऱ्यात. वाचकाची सोय झाली, कथेच्या हाती मात्र अर्धाच माल राहिला.

नारायण धारपांनी भयाची बाजू पेलली. शहाण्या, मध्यमवर्गीय घरात ते भय आणत, आणि तिथे विनोदाला फारशी जागा नसे. पण त्यांच्या 'आजी' कथेचा आधार 'तुंबाड' या २०१८ च्या चित्रपटाने घेतला, तेव्हा जुना सांधा पुन्हा दिसला. त्यातल्या राक्षसी म्हातारीला झोपवायला हस्तरचं नाव घ्यावं लागतं. आपल्या आया काय वेगळं करतात? 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल!' बागुल भयाचा आणि 'बुवा' लाडाचा.

रत्नाकर मतकरींनी दोन्ही खोल्यांत ये-जा केली. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम' या संग्रहांतल्या गूढकथा मोठ्यांची झोप उडवत. आणि 'अलबत्या गलबत्या'मधली त्यांचीच चेटकीण पाहून पोरं किंचाळतात आणि खिदळतात, दोन्ही एकाच श्वासात. ती चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. २०१८ मध्ये नव्या संचात वैभव मांगले यांनी केली, तेव्हा नव्या पिढीची पोरंही तशीच ओरडली.

आणि द. मा. मिरासदार. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्याबरोबर गावोगाव कथाकथन करणाऱ्या मिरासदारांनी गोष्टीला तिचा आवाज परत दिला. त्यांच्या एका कथेचं नावच 'भुताचा जन्म' आहे. भुताचा मृत्यू नव्हे, जन्म. माणूस मेल्यावर भूत होतं हे सगळे सांगतात. सांगणारा आणि ऐकणारा समोरासमोर बसले की भूत जन्मतं, हे विनोदी लेखकाला कळतं. हसवणारा आणि घाबरवणारा, दोघांचं हत्यार एकच: नेमक्या शब्दाआधी थांबणं. त्या थांबण्यात आपण श्वास धरतो. पुढचा शब्द हलका निघाला की हसू, जड निघाला की काटा.

आता कोणी विचारेल, हे सगळं गमतीचंच ना? नाही. गोष्टीतलं भूत आणि माणसावर लादलेलं भूत यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. भूत उतरवायचं म्हणून साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे आपल्या महाराष्ट्रात घडत आलं आहे. डाकीण ठरवून बायकांचे हाल झाले, त्यातून आमचा नाशिक जिल्हाही सुटला नाही. याविरुद्धच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला.

कायदा पोलिसाच्या हातात असतो, गोष्ट आपल्या तोंडात. मांत्रिकाला सगळ्यांत जास्त भीती कोणाची असेल, तर हसणाऱ्या माणसाची. त्याचा धंदा चालतो तो सगळे गंभीर असतात तोवर. नाथांच्या भारुडाने हसू फोडलं तेव्हा देवऋषी उघडा पडला. पण हसताना एक पथ्य पाळावं लागतं. घाबरणाऱ्यावर हसावं, घाबरवणाऱ्यावर तर जरूर हसावं. जी बाळंतीण मेली म्हणून हडळ झाली, तिच्यावर हसू नये. चांगली कथा हे बरोबर ओळखते. 'मुंज्या' हा २०२४ चा हिंदी चित्रपट कोकणातलं हेच भूत घेऊन आला आणि देशभर लोक हसत-दचकत तो पाहून आले. त्या गर्दीत किती जणांना आठवलं असेल की मुंजा म्हणजे मुळात एक मेलेला मुलगा आहे?

आमच्या ओझरला १९६४ पासून विमानाचा कारखाना आहे. इथल्या माणसांनी मिग विमानं जोडली, आणि रात्रपाळीच्या गप्पांत भुतंही जोडली. यात मला विसंगती वाटत नाही. यंत्र कळलं म्हणून मरण कळतं असं नाही. न कळणाऱ्या मरणाजवळ बसायचं तर सोबतीला कोणी तरी लागतं, आणि गोष्टीतलं हसू ती सोबत करतं. दिवाळी अंकांसाठी लिहिणाऱ्या तरुण मित्रांना म्हणूनच सांगावंसं वाटतं, भूत खुशाल आणा आणि लोकांना पोटभर हसवा. फक्त ते भूत कोणाचं, ते माणूस कशाने मेलं, हे आधी विचारून घ्या. त्याचं उत्तर गोष्टीत कुठेही लिहू नका, पण ते ठाऊक असू द्या. मग हसणारा वाचक आपसूक कुठे तरी थांबेल.