थांबायचं कोणी, माणसाने की मशीनने? 'बेसिक'च्या जन्माची गोष्ट



गेल्या महिन्यात कोर्सवर्कच्या दिवसांतली एक मैत्रीण भेटली. समाजशास्त्राची. गावोगाव हिंडून तिने दोनशे बायकांकडून प्रश्नावली भरून आणलेली. विभागात आकडेमोडीचं सॉफ्टवेअर होतं, पण एकाच कॉम्प्युटरवर. त्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे, आणि तो माणूस रजेवर. ती म्हणाली, "माझं गणित कच्चं ना गं, म्हणून अडलंय सगळं." घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. हिचं काम अडलं होतं किल्लीपाशी, आणि दोष मात्र ती स्वतःच्या गणिताला देत होती.

तंत्रशाखेत नसलेल्या विद्यार्थ्यांना गणिती सॉफ्टवेअर सहज वापरता यावं, हा विचार आजचा नाही. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कॉलेजात गणिताच्या दोन प्राध्यापकांनी तो फार मनावर घेतला होता. 'बेसिक' ही प्रोग्रामिंगची भाषा त्यातूनच आली. रिसर्चला उतरणाऱ्यांसाठी या गोष्टीत दोन धडे आहेत: एक सोपेपणाबद्दलचा, दुसरा इतिहास कसा वाचायचा याबद्दलचा. म्हणून आज ती सांगते.

पेटी घेऊन आगगाडीने

अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू हॅम्पशायर राज्यात, हॅनोव्हर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ गणित शिकवायचे. केमेनी मूळचे बुडापेस्टचे. १९४० मध्ये ते कुटुंबासह अमेरिकेत आले. महायुद्धात लॉस अलामॉसच्या अणुबाँब प्रकल्पात आकडेमोडीच्या कामावर होते, पुढे प्रिन्स्टनला आइनस्टाइन यांचे गणिती सहायक झाले. कर्ट्झ संख्याशास्त्राचे. ते १९५६ मध्ये डार्टमथला आले.

कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. वापरायला मिळे तो बॉस्टनजवळच्या एमआयटीत, सुमारे दोनशे किलोमीटरवर. कर्ट्झ पंच कार्डांची पेटी घेऊन आगगाडीने तिकडे जायचे. पंच कार्ड म्हणजे जाड कागदाची पट्टी. तिच्यावर भोकं पाडून सूचना लिहायची, साधारण एका ओळीला एक कार्ड. कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा, तो आपल्या क्रमाने मशीनमध्ये घालणार, आणि काही तासांनी छापील कागद हातात. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर कागदावर उत्तराऐवजी चूक छापून यायची. मग कार्ड बदला आणि पुन्हा रांगेत लागा.

या पद्धतीला 'बॅच प्रोसेसिंग' म्हणत. त्यामागचा हिशेब समजून घ्या. कॉम्प्युटर प्रचंड महाग, तो क्षणभरही रिकामा बसू नये, म्हणून कामांचा ढीग त्याच्यापुढे कायम तयार पाहिजे. थोडक्यात, मशीनचा वेळ मौल्यवान आणि माणसाचा वेळ फुकट. भौतिकशास्त्राचा संशोधक हे सहन करील, कारण त्याचं पोटच त्यावर आहे. इतिहासाचा किंवा साहित्याचा विद्यार्थी एका स्वल्पविरामासाठी दुसरी खेप कशाला घालील?

उरलेले तीन चतुर्थांश

डार्टमथमध्ये विज्ञान आणि इंजिनिअरिंगकडे जाणारे विद्यार्थी साधारण एक चतुर्थांश. बाकीचे तीन चतुर्थांश कलाशाखा आणि सामाजिक शास्त्रांचे. केमेनी आणि कर्ट्झ यांचं म्हणणं असं, की उद्या कंपन्या आणि सरकारी खाती चालवणार ती हीच मुलं. कॉम्प्युटरबद्दलचे निर्णयही हीच घेणार. मग ज्यांनी आयुष्यात कधी एकही प्रोग्राम चालवला नाही, ते कशाच्या जोरावर निर्णय घेणार? नुसत्या व्याख्यानांनी हे भागणार नव्हतं. प्रत्येकाने स्वतः प्रोग्राम लिहायचा, तो चुकवायचा आणि दुरुस्त करायचा, असं त्यांनी ठरवलं.

त्यांची हिंमत वाढायला एक कारण होतं. १९५९ मध्ये कॉलेजने एलजीपी-३० नावाचा एक छोटा कॉम्प्युटर घेतला, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी 'अल्गोल' या भाषेचा कंपायलर लिहून दाखवला. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेल्या सूचना मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. मोकळीक दिली तर पोरं काय करू शकतात, हे दोघांनी डोळ्यांनी पाहिलं.

तीन अडथळे

पहिला अडथळा वाट पाहण्याचा. यावर उपाय सुचवला जॉन मॅकार्थी यांनी. ते आधी डार्टमथला होते, मग एमआयटीत गेले. त्यांची कल्पना 'टाइम-शेअरिंग'ची. मशीनचा वेळ बारीक तुकड्यांत वाटायचा आणि आळीपाळीने प्रत्येकाला एक तुकडा द्यायचा. वाटणी इतकी भराभर होते, की प्रत्येकाला वाटतं अख्खं मशीन आपलंच आहे. डार्टमथने जनरल इलेक्ट्रिकची दोन यंत्रं घेतली. जीई-२२५ हिशेब करायचं आणि डेटानेट-३० टर्मिनलांशी बोलायचं. टर्मिनल म्हणजे टेलिटाइप, टाइपरायटरसारखा कीबोर्ड आणि कागदाच्या गुंडाळीवर टकटक छापणारं यंत्र. ही सगळी व्यवस्था चालवणारे प्रोग्राम लिहिण्यात मोठा वाटा पदवीच्या विद्यार्थ्यांचा होता. मायकेल बुश आणि जॉन मॅकगीची ही त्यातली दोन नावं.

दुसरा अडथळा भाषेचा. तेव्हा चलती होती १९५७ च्या 'फोरट्रान'ची. तिच्यात अमुक ते तमुक आकड्यापर्यंत तीच कृती पुन्हा करा असं सांगायचं, तर ओळीचा क्रमांक, सुरुवात, शेवट आणि टप्पा हे सगळं ठरलेल्या क्रमाने पाठ ठेवावं लागे. शिवाय चलाचं नाव 'आय' ते 'एन' या अक्षरांनी सुरू झालं तर तो पूर्णांक, नाहीतर दशांश, असाही नियम होता. गणितात असं काही नसतं. ती त्या मशीनची सोय होती.

केमेनी यांनी १९६३ मध्ये नव्या भाषेच्या कंपायलरचं काम सुरू केलं. या भाषेत तीच सूचना 'फॉर आय = १ टू १० स्टेप २' अशी लिहायची. वाचली की कळते. पूर्णांक आणि दशांश हा भेद वापरणाऱ्यापुरता काढून टाकला, आकडा म्हणजे आकडा. काम सुरू करायला 'हॅलो', चालवायला 'रन' आणि निघताना 'बाय'. चुकीचे संदेशही माणसाला समजतील असे. पण गणित पातळ केलं का? नाही. वर्गमूळ, साइन, लॉगॅरिदम सगळं जागेवर होतं. वगळलं ते फक्त मशीनचं आतलं गाऱ्हाणं.

१ मे म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र दिन आठवतो. १९६४ च्या त्याच तारखेला, पहाटे चारच्या सुमारास, डार्टमथमध्ये दोन टर्मिनलांवर दोन बेसिक प्रोग्राम एकाच वेळी चालले आणि दोन्हीकडे उत्तरं बरोबर आली. बेसिकचा वाढदिवस हाच मानतात.

तिसरा अडथळा दाराचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. १९६६ मध्ये किविट कॉम्प्युटेशन सेंटरची इमारत उघडली. तिच्यासमोर नमुना होता ग्रंथालयाचा, तेही कपाटं उघडी असलेल्या ग्रंथालयाचा. विद्यार्थ्याने आत यायचं, रिकाम्या टर्मिनलवर बसायचं. अर्ज नाही, शुल्क नाही, काम काय ते सांगायची सक्ती नाही. पहिल्या वर्षाच्या गणिताच्या अभ्यासक्रमातच प्रोग्राम लिहिणं घातलं होतं, त्यामुळे 'मला हे जमणारं नाही' असं आधीच ठरवून बाहेर राहायची सोयच उरली नाही. मुलं खेळही खेळायची. खुद्द केमेनी यांनी फुटबॉलचा एक खेळ लिहिला होता. पुढे टेलिफोनच्या तारांनी आसपासच्या शाळा-कॉलेजांपर्यंतही हे टर्मिनल पोहोचले.

हे तीन अडथळे शेजारी ठेवून बघा. फक्त भाषा सोपी केली असती आणि रांग तशीच राहिली असती, तर? किंवा रांग हटवून किल्ली एकाच माणसाकडे ठेवली असती, तर? बेसिक सोपी होती हे खरंच, पण डार्टमथमध्ये ती सोपी वाटली याचं निम्मं श्रेय संस्थेच्या निर्णयांना आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या हातात सगळा सोपेपणा नसतो.

सोपेपणाचे दोन प्रकार

बेसिकवर टीकाही झाली. डच संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी १९७५ मध्ये फार कडक शब्दांत लिहिलं, की या भाषेने विद्यार्थ्यांना इतक्या वाईट सवयी लागतात की नंतर त्या सुटत नाहीत. ही टीका नुसती उडवून लावू नका. सोपं करताना काय झाकलं गेलं, हा प्रश्न रास्तच आहे.

त्याच काळातलं दुसरं उदाहरण तुमच्या जास्त जवळचं आहे. १९६८ मध्ये स्टॅनफर्डला नॉर्मन नाय, हॅडलाय हल आणि डेल बेंट यांनी एसपीएसएस तयार केलं. तेही तंत्रशाखेबाहेरच्यांसाठीच, नावातच 'सामाजिक शास्त्रांसाठी' असं होतं. पण फरक बघा. बेसिकमध्ये सरासरी काढायची तर बेरीज आणि भागाकार तुम्हीच लिहिता. एसपीएसएसमध्ये तयार कसोटीचं नाव सांगता आणि उत्तर येतं. एका ठिकाणी आतलं काम दिसतं, दुसऱ्या ठिकाणी ते झाकलेलं असतं. दोन्हींची गरज असते. मात्र व्हायवामध्ये "हीच कसोटी का लावली?" असं विचारल्यावर "सॉफ्टवेअरमध्ये होती" हे उत्तर चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

'सगळे' म्हणजे कोण?

आता दुसरा धडा. वरची गोष्ट वाचताना छान वाटलं ना? मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण ती बरीचशी केमेनी आणि कर्ट्झ यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलेली आहे. त्यांच्या लिखाणात 'प्रत्येक विद्यार्थी' हे शब्द आले की थांबा आणि विचारा, प्रत्येक म्हणजे कोण? डार्टमथमध्ये १९७२ पर्यंत पदवीला मुलींना प्रवेशच नव्हता. म्हणजे १९६४ मधल्या त्या उघड्या दारातून आत जाणारे 'सगळे विद्यार्थी' म्हणजे सगळे मुलगे. पुढे केमेनी कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत मुलींना प्रवेश मिळाला, हेही तितकंच खरं. इतिहासकार जॉय लिसी रँकिन यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात डार्टमथच्या या व्यवस्थेकडे वापरणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं. तिथं काम करणाऱ्या बायका आणि तिथलं पुरुषी वातावरण, दोन्ही त्यात येतं.

साधनं साधारण तीच, प्रश्न बदलला. 'बेसिक कोणी शोधली?' असं विचारलं तर दोन नावं मिळतात आणि काम संपतं. 'तिथं कोणाला थांबावं लागलं?' असं विचारलं तर तुमच्या संशोधनाला सुरुवात होते.

आपल्याकडे

आपल्याकडे बेसिक शाळांत मोठ्या प्रमाणावर आली ती १९८४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून, बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरवर. त्या पिढीतलं कोणी घरात असेल तर विचारा: आठवड्यातून किती वेळ बसायला मिळायचं? एका कॉम्प्युटरपुढे किती जण? ही मौखिक इतिहासाची साधनं आहेत आणि ती जपायची तर घाई करायला हवी.

आजचं म्हणाल, तर मुंबईच्या आयआयटीतला 'फॉसी' प्रकल्प सायलॅब आणि आर यांसारखी मोफत सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवतो. सायलॅब तर त्यांनी ब्राउझरमध्येच चालेल अशी सोय केली, म्हणजे इन्स्टॉल करायचीही भानगड नाही. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. आणि आर? न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात ते करायला घेतलं, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांपुढे विद्यार्थ्यांना शिकवण्याची प्रयोगशाळा होती.

मैत्रिणीला मी त्याच संध्याकाळी तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर आर टाकून दिलं. पहिल्या दिवशी तिने चाळीस जणींची वयं भरून सरासरी काढली, मग कागदावर हाताने पडताळून पाहिली. जुळली. परवा तिचा मेसेज आला, की आता कोणत्या प्रश्नाला कोणती कसोटी लावायची यावर अडलेय. म्हटलं, शाब्बास, आता खरंच गणितापाशी आलीस.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या विभागातलं कुठलंही एक साधन घ्या. सॉफ्टवेअर, जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह, काहीही. ते वापरायला कोणाची परवानगी लागते, किती थांबावं लागतं आणि कोण कधी येतच नाही, हे तीन प्रश्न विचारून एक पान लिहा. सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्याला ते पान उपयोगी पडेल.