विंडोजवाल्याचा फोन शिरड शहापूरपर्यंत कसा आला

शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं, औंढा-वसमत रस्त्यावरचं गाव. बाहेरगावचे जैन भाविक मल्लिनाथांच्या दर्शनाला इथे येतात. शिवारात हळद असते. पावसाळ्याच्या तोंडावर बेणं लावायचं, आठ-नऊ महिने पीक सांभाळायचं, मग हळद काढायची, उकडायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि वसमत किंवा हिंगोलीच्या बाजारात न्यायची. वर्षभराच्या कष्टाचा पैसा एका पट्टीत हाती येतो आणि खात्यात रक्कम जमा झाल्याचा मेसेज मोबाइलवर वाजतो. त्याच मोबाइलवर दुसराही मेसेज येऊ शकतो: ‘मागील महिन्याचे बिल अपडेट झालेले नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडण्यात येईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी या नंबरवर बोला.’

२०२२ साली हा मेसेज महाराष्ट्रभर फिरला. महावितरणला पुन्हा पुन्हा खुलासे करावे लागले की आमचा कोणताही अधिकारी स्वतःच्या मोबाइल नंबरवरून असा मेसेज पाठवत नाही. बिल, लाइट, अधिकारी, साडेनऊची वेळ, सगळं ओळखीचं असल्यामुळे हे कुणा जवळपासच्या भामट्याचं काम असावं असं वाटतं. पण या मेसेजचं कूळ शोधत गेलं की आपण थेट कोलकात्यातल्या कॉल सेंटरांपर्यंत आणि तिथून इंग्लंड-अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतो. ते कूळ नीट समजून घ्यायला हवं, कारण या फोनपुढे काय करायचं याचं उत्तर त्यातच आहे.

तोतयेगिरी आपल्याला नवी नाही. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं उभा राहिलेला तोतया पेशवाईला वर्षानुवर्षं सतावत होता; १७७६ साली त्याला देहदंड झाला. आपल्या पिढीनं तोतया पोलीस पाहिले. ‘मावशी, पुढे दंगल झालीय, दागिने काढून या कागदात बांधा’ म्हणणारे, आणि पुडी परत देताना त्यात खडे घालणारे. पण या जुन्या तोतयांना एक अडचण होती. त्यांना समोर यावं लागे आणि आपण खरे आहोत हे स्वतःच्या तोंडानं पटवावं लागे. कॉम्प्युटरवाल्या तोतयानं ही अडचणच काढून टाकली. पुरावा त्यानं आपल्याच घरातल्या यंत्राकडून वदवून घेतला.

त्याची पहिली पायरी होती खोटं अँटीव्हायरस. इंटरनेट वापरताना मध्येच खिडकी उघडायची, आत ‘तपासणी’ चालू असल्यासारखी पट्टी सरकायची आणि शेवटी शेकडो व्हायरस सापडल्याची यादी यायची. घाबरलेला माणूस पैसे भरून ते सॉफ्टवेअर विकत घ्यायचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं डिसेंबर २००८मध्ये अशा धंद्यातल्या एका मोठ्या कंपनीविरुद्ध दावा लावला; दहा लाखांहून जास्त लोक त्यात फसले होते. पुढे २०१२ साली कोर्टानं १६ कोटी ३० लाख डॉलरचा हुकूमनामा दिला.

त्याच सुमारास या खिडकीला माणसाचा आवाज मिळाला. कॉम्प्युटर चालवणारं मायक्रोसॉफ्टचं विंडोज घरोघर होतं, व्हायरस या शब्दाची धास्ती होती आणि इंटरनेटवरून परदेशी फोन लावणं जवळजवळ फुकट झालं होतं. भारतात तोवर कॉल सेंटरचा धंदा रुजलेला होता. परदेशी माणसाशी इंग्रजीत नम्रपणे, न चिडता, समोरच्या कागदावरून बोलायचं शिक्षण घेतलेली हजारो मुलं इथे होती. कोलकात्यात काहींनी ते शिक्षण भलत्याच कामाला लावलं. ब्रिटनच्या ‘द गार्डियन’नं जुलै २०१०मध्ये याचा माग काढून लिहिलं, तेव्हा हा प्रकार २००८पासून गुपचूप चालू होता.

तो फोन कसा चालायचा हे बारकाईनं पाहू. पलीकडून आवाज येतो, ‘मी विंडोजकडून बोलतोय. तुमच्या कॉम्प्युटरमधून आमच्या सर्व्हरकडे एररचे सिग्नल येताहेत.’ माणूस साशंक असतो. मग त्याला म्हणायचं, ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.’ विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबायला सांगायचं, मग एक शब्द टाइप करायला लावायचा. उघडतं ते विंडोजचं ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे यंत्राची स्वतःची रोजनिशी. एखादा प्रोग्रॅम उशिरा सुरू झाला, प्रिंटर सापडला नाही, नेट क्षणभर तुटलं, अशा फुटकळ गोष्टींची तिथे लाल-पिवळ्या खुणांनी नोंद होते. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही अशा शेकडो नोंदी असतात. फोनवरचा माणूस विचारतो, ‘किती लाल दिसतात? मोजा बरं.’ मोजता मोजताच माणसाच्या पोटात गोळा येतो.

तरीही शंका उरलीच, तर दुसरा डाव होता. तो मला सगळ्यांत धूर्त वाटतो. आदेश टाइप करायची काळी खिडकी उघडून तिच्यात ‘असोक’ हा आदेश द्यायला लावायचा. भराभर ओळी सरकतात आणि तळाला ८८८डीसीए६०नं सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक दिसतो. ‘हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर. तो आमच्याकडे नोंदवलेला आहे. मी वाचतो, तुम्ही पडताळून बघा.’ तो एकेक अक्षर वाचत जातो आणि प्रत्येक अक्षर जुळतं. जुळणारच, कारण तो क्रमांक कुणा एकाचा नाही. झिप फायली पाठवण्याच्या एका सोयीचा तो विंडोजमधला ठरलेला आकडा आहे, आणि जगभरच्या कॉम्प्युटरांवर तोच असतो. पण ऐकणाऱ्याला वाटतं, माझ्या घरातल्या यंत्राचा नंबर याला ठाऊक आहे, म्हणजे हा खराच कंपनीचा.

इथून पुढे अवघड काही नव्हतं. दूरवरून कॉम्प्युटर हाताळू देणारं एक साधं, कायदेशीर सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगायचं. माउसचा बाण आपोआप हलू लागतो, न बिघडलेलं ‘दुरुस्त’ होतं आणि कार्डाचा नंबर मागितला जातो. या सगळ्यात कुठेही कुलूप तोडलेलं नाही. पडद्यावर दाखवलं ते खरं होतं. त्याचा सांगितलेला अर्थ तेवढा खोटा होता. दार घरमालकानंच आतून उघडलं. या घराण्याचा खरा शोध हाच, आणि पुढच्या सगळ्या पिढ्या त्याच भांडवलावर जगल्या.

ऑक्टोबर २०१२मध्ये अमेरिकेनं अशा सहा टोळ्यांवर एकदम कारवाई केली. माणशी ४९पासून ४५० डॉलरपर्यंत वसुली चालली होती आणि त्यासाठी १३० फोन नंबर वापरात होते. त्यानंतर स्वतः फोन करण्याऐवजी पडद्यावर भोंगा वाजवणारी, बंद न होणारी खिडकी आणून तिच्यावर नंबर द्यायची रीत आली, म्हणजे गिऱ्हाईकच फोन करतं. गुडगाव-नोइडाकडे धंदा फोफावला. आणि महाराष्ट्रातही आला.

४ ऑक्टोबर २०१६च्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. ७००हून जास्त माणसं ताब्यात घेतली गेली, त्यांतल्या ७०च्या आसपास लोकांना अटक झाली. तिथली मुलं कॉम्प्युटरचे मिस्तरी न बनता अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी बनत होती: तुमचा कर थकलाय, पोलीस निघालेत, आत्ताच्या आत्ता गिफ्ट कार्डानं पैसे भरा. घराणं तेच, फक्त दुरुस्तीच्या जागी दरारा आला होता. ऑगस्ट २०२५मध्ये सीबीआयनं इगतपुरीजवळच्या एका रिसॉर्टवर छापा घातला, तेव्हा अ‍ॅमेझॉनच्या मदत केंद्राचं सोंग घेऊन अमेरिका-कॅनडातल्या लोकांना फोन करणारी ६२ माणसं तिथे कामावर सापडली. नोकरीच्या शोधातली आपलीच मुलं या खुर्च्यांवर बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. पकडलं गेल्यावर त्यांच्या कपाळी गुन्हा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डीखाली अशा तोतयेगिरीला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. मालक मात्र दुबईला निसटतो, असं मीरा रोडच्या प्रकरणात तरी झालं. मुख्य आरोपी एप्रिल २०१७मध्ये परतल्यावर मुंबई विमानतळावर हाती लागला.

हा फोन आपल्याकडे वळण्याचं वर्षही २०१६च. त्या वर्षी यूपीआय आलं, जिओ आलं आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. गावोगावच्या हातांत एकदम इंटरनेट आणि बँक दोन्ही आली. कॉम्प्युटर नसलेल्या घरातही आता दूरवरून उघडता येईल असं यंत्र होतं. झारखंडच्या जामतारा भागातले भामटे आधीपासून बँक मॅनेजर बनून कार्डाचा नंबर विचारतच होते. त्यांच्या बोलण्याला विंडोजवाल्याचं हत्यार मिळालं, आणि फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेला इशारा द्यावा लागला: ‘एनीडेस्क’सारखं अ‍ॅप उतरवायला लावून त्यावर दिसणारा नऊ आकडी कोड विचारला जातो आणि मोबाइल परक्याच्या ताब्यात जातो.

आता त्या साडेनऊच्या मेसेजमधला नंबर कुणी लावलाच, तर बोलणं साधारण असं होतं.

‘कोण बोलायलंय?’

‘लाइट ऑफिसमधून, काका. तुमचं बिल सिस्टिमला अपडेट नाही.’

‘भरलंय की मी. पावती हाय.’

‘भरलंय हो काका, ते दिसतंय मला. फक्त अपडेट करायचंय. दहा रुपये भरा, लगेच होईल. एक अ‍ॅप पाठवतो, ते उघडा.’

‘भरलंय हो काका’ हे वाक्य पाहा. तो काकांचं खरं मान्य करतो. लाल खुणा मोजायला लावणारा आणि हा, दोघांचीही रीत एकच: आधी खरी गोष्ट हातात द्यायची, मग तिला खोटा अर्थ जोडायचा. दहा रुपये ही रक्कमही विचार करून ठरवलेली असते. दहा रुपयांसाठी कुणी हात आखडत नाही, आणि ते भरताना टाकलेला पिन पलीकडच्या पडद्यावर उमटतो.

आजची पिढी अजून पुढे गेली आहे. आता फोनही लागत नाही. पीएम किसानची यादी, आरटीओचं चलन, बँकेचं केवायसी, लग्नाची पत्रिका अशा नावांची, ‘एपीके’ शेपटाची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ती उघडून परवानग्या दिल्या की मोबाइलवर येणारे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. अनेकदा ती फाइल ओळखीच्याच नंबरावरून आलेली असते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा मोबाइल आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो.

अडाणी आणि म्हातारी माणसंच फसतात, हा समज सोडून द्यावा. मायक्रोसॉफ्टनं २०२१ साली केलेल्या पाहणीत भारतातल्या ६९ टक्के लोकांनी अशा भामट्यांशी गाठ पडल्याचं सांगितलं; जगाची सरासरी ५९ होती. पैसे गमावलेल्या भारतीयांत मोठा भाग २४ ते ३७ वयाच्या लोकांचा होता. जिम ब्राउनिंग या टोपणनावानं काम करणारा ब्रिटिश माणूस भामट्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये शिरून त्यांची कॉल सेंटरं जगाला दाखवतो. जुलै २०२१मध्ये यूट्यूबच्या मदत विभागातून बोलतोय असं भासवून एकानं त्यालाच स्वतःचं चॅनेल पुसून टाकायला लावलं. त्यानं ते जाहीर सांगितलं. या धंद्याची नस न् नस ठाऊक असलेला माणूस घाईच्या क्षणी सापडतो, तर पट्टीचे पैसे नुकतेच जमा झालेला शेतकरी सापडला यात त्याची कसली अक्कल काढायची?

काही लोक अशा फोनवाल्यांना बोलण्यात गुंतवून त्यांचा वेळ खातात. त्यात मजा वाटते हे मी समजू शकतो, पण माझा सल्ला तसं करू नका असाच आहे. त्या माणसाकडे तुमचं नाव, नंबर, कधी कधी खात्याची बँकही असते, आणि बोलणं जितकं लांबेल तितकं त्याला नवं काही कळत जातं. वाद घालू नका, तपासू नका, फोन ठेवा. काम खरं आहे असं वाटलं, तर आलेल्या नंबरावर नव्हे, आपल्याजवळच्या कागदावरच्या नंबरावर फोन करा: पासबुकावरचा, एटीएम कार्डाच्या मागचा, लाइट बिलावरचा. महावितरणसाठी १९१२ आहे. सगळं घराणं ज्या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणजे दार आपण उघडणं, ती तेवढ्यानं थांबते.

आणि दार उघडलं गेलंच, तर घड्याळ महत्त्वाचं. आधी मोबाइलचं नेट बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून १९३० हा सरकारी नंबर लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात, ते मध्येच अडवायची सोय तिथे आहे. बँकेलाही लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर खात्यातून गेलं तर ते बँकेचं. चूक खातेदाराची नसेल आणि ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तर काहीच भरावं लागत नाही.

हे कळवायला उशीर होतो तो बहुतेक वेळा घरच्यांच्या भीतीनं. पोरं ओरडतील, सून काय म्हणेल, गावात हसं होईल, म्हणून माणूस रात्रभर गप्प बसतो आणि पैसा तोवर चार खाती ओलांडून जातो. म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. आज घरी गेल्यावर वडिलांच्या, आईच्या, शेजारच्या मामांच्या मोबाइलमध्ये १९३० हा नंबर जतन करून द्या, आणि त्यांना स्पष्ट सांगा की असं काही झालं तर मला लगेच हाक मारा, मी रागावणार नाही.