मोजपट्टी झालेली बाई

विहीर किती खोल? दोन पुरुष. ओढ्याला पाणी किती? पुरुषभर. मराठीत खोली मोजायला पुरुष लागतो. आपण हे इतक्या सहज बोलतो, की ते कुणाच्या तरी अंगाचं माप आहे हे लक्षातच येत नाही.

युरोपने याच मापाची भूमिती केली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने लिहिलं की देवळाचे भाग सुघड पुरुषाच्या अवयवांसारखे एकमेकांशी प्रमाणात हवेत. असा पुरुष हातपाय पसरून उताणा झोपला, की बेंबीला केंद्र धरून त्याच्याभोवती वर्तुळ काढता येतं; तो चौरसातही बसतो. १४९०च्या सुमारास लिओनार्दोने काढलेलं ते चित्र तुम्ही पाहिलेलं असतं.

१९४०च्या दशकात ल कॉर्ब्युझिएने ‘मोद्युलोर’ ही प्रमाणपद्धती रचली. आधी त्यातला माणूस १.७५ मीटर उंच होता. मग तो १.८३ मीटर, म्हणजे सहा फुटी झाला. कारण? इंग्रजी गुप्तहेरकथांतले देखणे पोलीस सहा फुटी असतात! चंदीगडच्या सरकारी इमारतींना हेच माप लागलं.

याला उत्तर दिलं ओर्लाँ या फ्रेंच कलावतीने, १९७०च्या दशकात. आई मुलीच्या लग्नासाठी चादरी जमवते. तिने त्यांचा झगा शिवला. तो घालून ती रस्त्यावर आडवी व्हायची, डोक्यामागे खडूची रेघ मारायची, रांगत पुढे जायची आणि त्या रेघेपासून पुन्हा आडवी. एकक: एक ‘ओर्लाँ-शरीर’. किती शरीरं झाली हे साक्षीदारांसमोर मोजून लेखी नोंदवलं जाई. थोर पुरुषांची नावं दिलेले रस्ते तिने असे मोजले, तसंच १९७७ साली पॅरिसचं नवंकोरं पाँपिदू केंद्रही. या प्रयोगांचं नाव ‘मेझ्युराझ’, म्हणजे मोजणी. शब्दाच्या शेवटी ‘राझ’ आहे, म्हणजे संताप. ती अक्षरं ती मुद्दाम मोठी लिहिते.

गंमत वाटते खरी. पण हे एकक लहरी म्हणावं, तर गुप्तहेरकथेतला पोलीस कुठे शास्त्रीय होता? फरक इतकाच, की कागदावरचा पुरुष कधी मळत नाही. त्याला गुडघे टेकावे लागत नाहीत, तो दमत नाही, म्हणून तो कुणा एकाचा न वाटता सगळ्यांचा वाटतो. ओर्लाँचं माप मात्र कुणाचं आहे हे लपतच नाही. प्रत्येक रेघेमागे एक बाई उठताना आणि पुन्हा आडवी होताना दिसते.

मोजणी संपली की ती झगा उतरवून लोकांसमोर धुवायची. ते मळकं पाणी बाटल्यांत भरून, चिठ्ठी लावून, मेणाने सीलबंद व्हायचं. शेवटी एक बाटली हात उंचावून धरायची, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासारखी.

लिओनार्दोचा पुरुष वर्तुळात बसला. ओर्लाँने वर्तुळ काढलंच नाही. ती रस्त्याची धूळ बाटलीत घेऊन उभी राहिली.