कीचकवध

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे गद्य नाटक. १९०७ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि १९१० मध्ये सरकारने त्याच्या प्रयोगांना बंदी केली. परकी सत्तेला मराठी रंगभूमीने दिलेल्या आव्हानाचा विषय निघाला की पहिले नाव बहुधा याच नाटकाचे घेतले जाते.

कथानक महाभारताच्या विराटपर्वातले. अज्ञातवासाच्या वर्षी पांडव विराटाच्या पदरी वेषांतर करून राहतात. युधिष्ठिर कंक होतो, भीम बल्लव नावाचा आचारी आणि द्रौपदी राणी सुदेष्णेची सैरंध्री. राणीचा भाऊ व राज्याचा सेनापती कीचक सैरंध्रीवर डोळा ठेवतो. मूळ कथेत तो भर सभेत तिला लाथ मारतो. राजा गप्प बसतो. युधिष्ठिर समोर असूनही संयम सोडत नाही, कारण ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास. रात्री द्रौपदी पाकशाळेत भीमाकडे जाते आणि पुढे भीम कीचकाला ठार मारतो.

खाडिलकरांनी हा सांगाडा मोडला नाही, आणि नाटकाचे बळ इथेच आहे. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनने १९०५ मध्ये बंगालची फाळणी केली, त्यातून बहिष्कार व स्वदेशीचे आंदोलन उभे राहिले. खाडिलकर टिळकांचे ‘केसरी’तील सहकारी. त्यांचे अग्रलेखी वळण ओळखणारा प्रेक्षक थिएटरात बसला होता. त्याला कीचक म्हणजे कर्झन आणि सैरंध्री म्हणजे हिंदभूमी हे कोणी समजावून द्यावे लागले नाही. संहितेत कर्झनचे नाव नाही, इंग्रजांचा उल्लेख नाही. कथा व्यासांची, घराघरांत ठाऊक असलेली. असल्या नाटकावर कारवाई करायची तर मदांध कीचकात आपला व्हाइसरॉय दिसतो, अशी कबुली आधी सरकारलाच द्यावी लागणार होती.

‘टाइम्स’चे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी ती एका अर्थी जाहीरपणे दिली. १९१० मध्ये निघालेल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात त्यांनी या नाटकाची पात्रे आणि त्यांमागचे राजकीय अर्थ तपशिलाने उलगडले. पुढे टिळकांनी ज्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये जो ते हरले, ते हेच पुस्तक. चिरोल यांचा हेतू प्रतिकूल, पण नाटकाचे वाचन चोख होते. युधिष्ठिर म्हणजे मवाळ व भीम म्हणजे जहाल, हेही त्यांनी नेमके हेरले.

कर्झनच्या रूपकाला अवाजवी महत्त्व मिळाले आहे असे वाटते. नाटक आले तेव्हा कर्झन मायदेशी परतून वर्ष उलटून गेले होते. गेलेल्या व्हाइसरॉयची रंगमंचावर केलेली हत्या प्रेक्षकाला समाधान देऊ शकते, त्याहून अधिक काही नाही. नाटकातला जिवंत वाद घरातलाच आहे: अपमान डोळ्यांदेखत होत असताना नियम पाळत बसायचे की नाही? काँग्रेसमध्ये नेमका हाच वाद पेटला होता आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेच्या अधिवेशनात पक्ष फुटला. लेखकाचे माप भीमाच्या पारड्यात पडते, हे उघड आहे. तरीही युधिष्ठिर खलनायक होत नाही, ही पुराणकथेचीच देणगी. धर्मराजाला भ्याड ठरवणे कोणत्याही मराठी नाटककाराला त्या काळी परवडले नसते. द्रौपदीच्या वाट्याला मात्र अपमान आणि न्यायाची मागणी एवढेच येते, आणि प्रत्यक्ष कृती पुरुष करतो. देशाला स्त्रीरूप देणाऱ्या त्या काळच्या बहुतेक लेखनाची ही मर्यादा आहे. रंगमंचावर ती भूमिकाही पुरुष नटाकडेच असे.

नाटक जवळपास तीन वर्षे चालू राहिले. या काळात १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस धाडण्यात आले आणि ‘केसरी’ची जबाबदारी खाडिलकरांवर आली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. जॅक्सन तिथे आले होते ते ‘शारदा’च्या प्रयोगाला, बाला-जरठ विवाहाच्या त्या नाटकाचा राजकारणाशी काही संबंध नव्हता. पण या घटनेनंतर सरकारची नजर बदलली. महिन्याभरात ‘कीचकवधा’वर बंदी आली, फेब्रुवारीत नवा प्रेस कायदा आला. तीन वर्षे खपलेले रूपक एकाएकी असह्य झाले, त्याचे कारण संहितेत शोधून सापडणार नाही.

बंदीसाठी हत्यार तयारच होते. १८७६ च्या सुरुवातीस कलकत्त्यात, प्रिन्स ऑफ वेल्सला आपल्या जनानखान्यात नेणाऱ्या एका प्रतिष्ठित वकिलाची ग्रेट नॅशनल थिएटरने प्रहसनातून टर उडवली. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी तातडीने वटहुकूम काढला आणि वर्षअखेर त्याचा नाट्यप्रयोग कायदा झाला. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होईल असे वाटणारा कोणताही प्रयोग थांबवण्याचा अधिकार त्यातून प्रांतिक सरकारांना मिळाला. प्रहसनासाठी जन्मलेला कायदा गंभीर नाटकांवर अधिक वापरला गेला.

बंदीनंतर खाडिलकर लिहिते राहिले. ‘मानापमान’ (१९११), ‘विद्याहरण’ (१९१३), ‘स्वयंवर’ (१९१६) ही त्यांची संगीत नाटके अफाट गाजली. बंदीच्या धाकाने ते गाण्याकडे वळले, असा तर्क सोपा असला तरी दुबळा आहे. १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ काढणारा माणूस धाकाने शैली बदलणारा नव्हे. एवढे मात्र खरे की आजच्या रसिकाला खाडिलकर नाट्यपदांमुळे आठवतात आणि ‘कीचकवध’ बव्हंशी वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत उरले आहे. रूपक ज्या प्रसंगावर बेतले तो प्रसंग मागे पडला की नाटकही मागे पडते, हा धोका या प्रकाराला नेहमीच असतो.

१८७६ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही राहिला. १९५६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, पण कायदेपुस्तकातून तो काढला गेला जानेवारी २०१८ मध्ये. महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवण्याची व्यवस्था त्याहून वेगळी. ती त्या निरसनानंतरही कायम राहिली.